निकालाआधीची उपकारस्तुती

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातले सहावे वचन मराठी ख्रिस्ती घरांत फार ओळखीचे आहे. दिनदर्शिकेवर ते असते, आजाऱ्याच्या उशाशी ठेवलेल्या कार्डावर असते, परीक्षेला निघालेल्या मुलाला आई ते म्हणून दाखवते. कशाचीही चिंता करत बसू नये, जे हवे ते प्रार्थनेत देवापुढे ठेवावे आणि ठेवताना त्याचे उपकार आठवावेत, असा त्याचा आशय. इतके तोंडात बसलेले वचन हळूहळू त्याच्या पत्रापासून सुटते. सुटे झाले की ते उपदेशासारखे ऐकू येते, आणि चिंतेने रात्र जागून काढलेल्या माणसाला उपदेशाइतके जड काही नसते. म्हणून ते त्याच्या जागी परत ठेवून वाचावे, असे मला वाटते. त्याच्या जरा आधी दोन बायांमधला बेबनाव आहे आणि जरा पुढे पोहोचलेल्या मदतीची पोच आहे. बायबलचे अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, वचनांचे आकडे सोळाव्या शतकात आले. पौलाने लिहिले ते सलग पत्र होते, एका मंडळीपुढे मोठ्याने वाचून दाखवायचे.

लिहिणारा बेड्यांत आहे. कोणत्या शहरात, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. परंपरा रोम सांगते, काहीजण इफिस किंवा कैसरिया सुचवतात. रोम धरले तर काळ इसवी सन 60 ते 62च्या आसपासचा. त्या काळी कैद ही सहसा शिक्षा नसे, निकाल लागेपर्यंत माणूस अडकवून ठेवण्याची ती सोय होती. कैद्याच्या पोटापाण्याचे बाहेरच्या आप्तांनी, मित्रांनी पाहायचे. नाही पाहिले तर त्याचे हाल. म्हणजे पौलापुढे दोन अनिश्चिती रोज उभ्या होत्या: आज जेवायला काय, आणि निकाल काय. दुसरीबद्दल तो पहिल्याच अध्यायात मोकळेपणाने बोलतो. जगलो तर काम करायला मिळेल, मेलो तर ख्रिस्ताजवळ जाईन, यातले काय निवडावे हे त्याचे त्यालाच कळत नाही. पत्रातली ती वाक्येही दोन्हीकडे ओढ बसल्यासारखी अडखळतात. मनाची घडी न मोडलेल्या माणसाचे हे लिहिणे नव्हे.

दुसऱ्या अध्यायात हे आणखी उघडे होते. फिलिप्पैच्या मंडळीने आपली मदत एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर पाठवली होती. तो आला आणि आजारी पडला, अगदी मरणाच्या दारापर्यंत गेला. ती बातमी फिलिप्पैला पोहोचली. आपल्या माणसांना ती कळली म्हणून एपफ्रदीत बेचैन झाला, आणि त्याची बेचैनी पाहून पौल. तो वाचला नसता तर दुःखावर दुःखाची रास पडली असती, असे पौल सांगतो. त्याला परत पाठवतो आहे म्हणजे माझाही जीव थोडा हलका होईल, हेही सांगतो. चिंता करू नका असे लिहिणारा हाच माणूस आहे. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर सगळ्या मंडळ्यांच्या काळजीचा रोजचा भार आपल्यावर आहे, हे तो काठ्यांच्या मारांच्या आणि फुटलेल्या जहाजांच्या यादीतच घालतो. आणि या पत्रात आपला सहकारी तीमथ्य याची थोरवी सांगताना म्हणतो की तुमची मनापासून काळजी वाहील असा याच्यासारखा दुसरा माझ्याजवळ नाही. म्हणून चौथ्या अध्यायातले ते वचन माणसांबद्दलची आस्था सोडायला सांगत नाही. आस्थेचे ओझे एकट्याच्या खांद्यावर कुजत ठेवू नका, एवढेच ते सांगते.

आता ऐकणारे कोण, ते पाहू. फिलिप्पै आजच्या उत्तर ग्रीसमध्ये, कावाला बंदरापासून काही कोसांवर. मासेदोनियाचा राजा दुसरा फिलिप याने इसवी सनापूर्वी 356 साली ते घेतले आणि त्याला आपले नाव दिले. जवळच्या डोंगरांत सोने होते. इसवी सनापूर्वी 42 साली याच मैदानावर अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांनी ब्रूटस आणि कॅशियसचा पाडाव केला, आणि निवृत्त सैनिकांना इथे जमिनी देऊन रोमी वसाहत उभी केली. ग्रीक भूमीवरचे ते रोमी गाव होते. शिलालेख लॅटिनमध्ये, कायदा रोमचा, आणि गावातून जाणारा एग्नाशिया हा सैन्याचा आणि व्यापाराचा हमरस्ता. तिथल्या माणसाला पहारा, वेस, तुकडी हे शब्द समजावून सांगावे लागत नसत.

पौल तिथे इसवी सन 50च्या सुमारास पहिल्यांदा आला, त्या भेटीची हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात आहे. नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या स्त्रिया, त्यांत थुवतीराची लुदिया, जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी. तिने आपले घर उघडले आणि तिथली मंडळी तिच्या घरी उभी राहिली. मग एका गुलाम मुलीची गोष्ट. तिच्या भविष्यकथनावर मालक पैसे मिळवत होते. पौलाने तिला त्या पीडेतून सोडवले, धंदा बुडाला आणि मालकांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकात ओढून नेले. काठ्यांचा मार, आतली कोठडी, पाय खोड्यात. मध्यरात्री ते दोघे गात होते आणि बाकीचे कैदी ऐकत होते, हा तपशील ती हकीकत लिहिणाऱ्या लूकने मुद्दाम नोंदवला आहे. भूकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकाऱ्याने स्वतःवर तलवार उपसली. पौलाने अंधारातून ओरडून त्याला थांबवले. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने या दोघांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले.

दहा-बारा वर्षांनी या मंडळीपुढे पौलाचे पत्र वाचले जाते. त्यात पुन्हा बेड्या आहेत, पुन्हा आनंदाची भाषा आहे. बसलेल्यांत लुदिया असेल, तो तुरुंगाधिकारी असेल, नसेलही. पण ती रात्र सगळ्या मंडळीच्या स्मरणात असणारच. त्यांना हा माणूस बेड्यांत गातो हे ऐकीव नव्हते. आजचा वाचक ज्या शब्दांना सल्ला समजतो, ते फिलिप्पैकरांना साक्ष म्हणून ऐकू आले असतील.

चौथा अध्याय उघडतो तो युवदीया आणि सुंतुखे या दोघींच्या नावांनी. दोघींनी पौलाच्या खांद्याला खांदा लावून कष्ट केलेले, आणि आता त्यांचे पटत नाही. कशावरून, हे पौल सांगत नाही. दोष कुणाकडे, हेही नाही. दोघींना तो वेगवेगळी विनवणी करतो, विनवणीचे क्रियापद दोनदा लिहून, जणू एकीला आधी आणि दुसरीला मग सांगितले असे होऊ नये. शिवाय एका विश्वासू सोबत्याला गळ घालतो की या दोघींना मदत कर. त्यानंतर लगेच आनंद करण्याची हाक येते, तीही दोनदा. मग सौम्यतेचा उल्लेख, मग प्रभू जवळ आहे हे छोटे, क्रिया नसलेले वाक्य, आणि मग चिंतेचे वचन. हा क्रम मला फार बोलका वाटतो. चिंता बहुतेकदा रात्री एकट्याला येते, पण ती उगवते माणसांच्या मधोमध: तुटलेल्या बोलण्यातून, न मिळालेल्या उत्तरातून, आपण कमी पडलो या भावनेतून. पौल आधी तिथे हात घालतो. शिवाय ‘चिंता करू नका’ हे क्रियापद इथे अनेकवचनी आहे. ‘तू चिंता सोड’ असे त्याने कुणा एकाला बजावलेले नाही. एका घरात बसलेल्या माणसांनी मिळून करायची ही गोष्ट आहे.

त्या वचनाची घडण पाहावी. ते नकाराने सुरू होते आणि नकारावर थांबत नाही. चिंतेऐवजी काय, तर मागणे. ही मला या वचनातली सगळ्यात माणूसपणाची गोष्ट वाटते. इच्छा मारा, अपेक्षा सोडा, असे पौल म्हणत नाही. हवे ते हवे म्हणा, नावानिशी म्हणा, देवाला सगळे ठाऊक असले तरी त्याला कळवा. प्रार्थना, विनवणी, मागणी असे तीन जवळजवळचे शब्द तो वापरतो. कासावीस माणूस जसा एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतो, तसे. मुलीचे लग्न, कर्जाचा हप्ता, रिपोर्टची वाट, सगळे त्यात बसते, कारण पौलाने एका बाजूला कशाचीही चिंता नको असे म्हटले आणि दुसऱ्या बाजूला सगळ्याच गोष्टींत मागा असे म्हटले. आपली कोणतीही गोष्ट देवापुढे न्यायला फार क्षुल्लक नाही, हे त्या दोन टोकांच्या मध्ये आपोआप येते.

आणि या मागण्यातच उपकारस्तुती ठेवलेली आहे. आपला रोजचा रिवाज वेगळा: मागावे, मिळावे, मग आभार मानावेत. नवस फेडणे आपल्याला जन्मापासून समजते. पौलाच्या वाक्यात आभार मागणीच्या पोटात आहेत, निकालाच्या आधी. मिळेल याची खात्री म्हणून का? तसे दिसत नाही, कारण काय मिळेल याबद्दल इथे एक शब्दही नाही. पुढचे वचन अभिवचन देते ते शांतीचे. मागितलेले मिळेल, असे ते कुठेच म्हणत नाही. मग निकालाआधी आभार कशाचे? पत्रातच उत्तर आहे, तिसऱ्या अध्यायात, आणि माझ्या मते चिंतेच्या वचनाची किल्ली तिथे आहे.

तिसऱ्या अध्यायात पौल आपली जमा मांडतो. आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचे कूळ, बन्यामिनाचा वंश, नियमशास्त्राने परुशी, आचरणात दोष काढायला जागा नाही. मग ही सारी जमा तो एका फटक्यात तोट्याच्या बाजूला नेतो. ख्रिस्त मिळाला आणि आता माझे असे काही पुण्य हाताशी ठेवायची गरज उरली नाही, हा त्याचा भाव. विश्वासाने मिळालेले देवाचे नाते त्याच्या कर्तबगारीवर उभे नाही. याचे नाव कृपा. आपल्या बऱ्याच चिंतांच्या तळाशी एकच भीती असते की आपला हिशेब चुकेल आणि आपण नाकारले जाऊ. नोकरी, परीक्षा, आजार ही तिची वरवरची नावे. पौलाच्या बाबतीत हा मोठा निकाल आधीच लागलेला आहे आणि तो त्याच्या बाजूने लागला आहे, त्याने न मिळवता. त्यामुळे रोमच्या न्यायासनापुढचा निकाल लहान झाला. लहान म्हणजे क्षुल्लक नव्हे, मान जाऊ शकते एवढा तो गंभीर आहे. पण तो अखेरचा राहिला नाही. निकालाआधीचे आभार याच आधीच्या निकालाचे आहेत.

हा तिसरा अध्याय पंडिता रमाबाईंच्या आयुष्याशेजारी ठेवून वाचला की अधिक कळतो. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गमावलेली मुलगी, 1878 साली कलकत्त्यात विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली. तिच्याकडेही जमा मोठी होती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण आपल्या साक्षीत त्या सांगतात की धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, ते पुढे बऱ्याच वर्षांनी घडले. बाप्तिस्म्यानंतरही स्वतःला सिद्ध करण्याची धडपड संपली नव्हती, आणि ती संपली तेव्हा त्यांच्या कामाला निराळाच वेग आला. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात उद्या धान्य कुठून येईल हा प्रश्न काल्पनिक नव्हता. 1921 साली एकुलती लेक मनोरमा गेली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत राहिल्या, 1922 साली त्या गेल्या आणि 1924 साली ते संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. फिलिप्पैकरांस पत्रही त्यात आहे. उपकारस्तुतीचे ते वचन आपल्या मराठीत बसवणाऱ्या बाईने दुष्काळ पाहिला होता, हे वाचकाने मनात धरावे.

चौथ्या अध्यायात परत येऊ. चिंतेच्या वचनानंतर शांती येते ती पहारेकऱ्याच्या रूपात. देवाची शांती अंतःकरणाभोवती आणि विचारांभोवती पहारा देईल. सैनिकांच्या वसाहतीला आणि पहारेकऱ्याच्या साखळीला बांधलेल्या लेखकाला हे रूपक दुरून आणावे लागले नसेल. पण पहाऱ्याची दिशा त्याने पालटली. त्याच्यावरचा पहारा त्याला बाहेर जाऊ देत नव्हता, हा पहारा भीतीला आत येऊ देत नाही. आणि ही शांती समजुतीच्या पलीकडची आहे, असे तो म्हणतो. म्हणजे परिस्थिती समजली म्हणून ती येत नाही. प्रश्न तसाच असतो, निकाल लागलेला नसतो, तरी आत शिपाई उभा राहिलेला असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. काही माणसांच्या चिंतेला आजाराचे रूप येते. छाती धडधडते, झोप जाते, विचार थांबत नाहीत. अशा माणसापुढे हे वचन आज्ञेसारखे टाकून तुझा विश्वास कमी पडतो असे म्हणणे क्रूर आहे, आणि ते पौलाच्या पत्राविरुद्धही आहे. एपफ्रदीताच्या बेचैनीला त्याने अविश्वास म्हटले नाही, त्याला घरी पाठवण्याची सोय केली. वैद्य, औषध, शेजारी बसणारा मित्र हे सारे उपकारस्तुतीच्या आड येत नाहीत. बरे होण्यासाठी देवाने पाठवलेले हात तेही आहेत.

पुढचे आठवे वचन, जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध त्याचे मनन करा असे सांगणारे, मी थोडक्यात सोडतो. ते सुंदर आहे, पण त्यातले गुण त्या काळचा कुणीही ग्रीक नीतिशिक्षक मान्य करील असे आहेत. एवढेच लक्षात घ्यावे की रिकामे मन चिंतेकडे परत वळते हे पौलाला ठाऊक आहे, म्हणून तो मनाला काम देतो.

अकराव्या-बाराव्या वचनांत मात्र थांबायला हवे. असेल त्या स्थितीत तृप्त राहायला आपण शिकलो, असे पौल म्हणतो. तृप्ती हा त्या काळच्या स्टोइक विचाराचा आवडता गुण. त्यांचा ज्ञानी पुरुष स्वतःत पुरेसा असतो, बाहेरचे काही त्याला हलवू शकत नाही. त्याच काळात रोममध्ये सेनेका हे लिहीत होता. त्याचा भाऊ गल्लियो करिंथात अधिकारी असताना पौल त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभा राहिला होता. पौल तो गुण घेतो आणि त्याचा पाया बदलतो. शिकलो, असे म्हणतो, म्हणजे उपजत नव्हते. भुकेला राहायला शिकलो तसे भरपूर असण्यातही राहायला शिकलो, म्हणजे भरल्या घरातही माणूस चिंतेने खंगतो हे त्याला माहीत आहे. आणि हे बळ माझे नव्हे, मला बळ देणाऱ्याचे, असे तेराव्या वचनात सांगतो. स्पर्धा जिंकण्यासाठी, धंदा वाढवण्यासाठी ते वचन हल्ली लोक छातीवर मिरवतात. त्याच्या जागी वाचले तर त्याचा अर्थ एवढाच की उपाशी राहणेही मला जमते.

मग पोच येते. ही पोच मोठी नाजूक आहे. पैशाचे आभार मानताना पौल थेट ‘आभारी आहे’ असे कुठेच म्हणत नाही. तुमच्या मनात माझी आठवण पुन्हा फुलली म्हणून प्रभूत आनंद झाला, असे म्हणतो. गरज होती म्हणून नव्हे, असे सावरतो. मग तरीही तुम्ही माझ्या संकटात भागीदार झालात हे बरे केलेत, असे मान्य करतो. थेस्सलनीकात असतानाही तुम्ही एकापेक्षा अधिक वेळा पाठवले होते, हे आठवतो. देणे-घेणे, जमा, भरून पावलो अशी हिशेबाची भाषा तो वापरतो आणि त्याच वाक्यात त्यांच्या देणगीला वेदीवरच्या सुगंधी अर्पणाची जागा देतो. या पत्रात कृपा आकाशातून उतरत नाही. ती बहुधा एग्नाशिया रस्त्याने, एका माणसाच्या पिशवीतून, कदाचित त्याच्या तापातून आलेली आहे. आपण हे ऋण फेडू शकत नाही हे पौलाला कळते, आणि ते फेडण्याची चिंता तो करत नाही. माझा देव तुमची प्रत्येक गरज भागवील, असे सांगून तो ते ऋण देवाच्या खात्यावर नेऊन ठेवतो. कैदेत बसलेला, पुढचे जेवण दुसऱ्याच्या हाती असलेला माणूस दुसऱ्यांना हे आश्वासन देतो आहे.

आणि ज्याच्या हातून ते जेवण आले, तो एपफ्रदीत आता परत निघतो. फिलिप्पैकरांनी त्याला पौलाच्या सेवेसाठी पाठवले होते. तो राहिला असता तर पौलाची सोय झाली असती. पण घरचे काळजीत आहेत आणि त्यांच्या काळजीने हा काळजीत आहे, हे पाहून पौल स्वतःचा आधार सोडून देतो, बहुधा हेच पत्र त्याच्या हाती देऊन. वर त्याची शिफारस करतो, की काम अपुरे टाकून आला असे कुणी म्हणू नये: त्याला मोठ्या आनंदाने घ्या, अशा माणसांचा मान राखा, माझ्यासाठी त्याने आपला जीव पणाला लावला.